फाटक्या साडीतला फोटो

आधीच सांगते, माझे अक्षर चांगले नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही आणि जोडाक्षर आले की हात थबकतो. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आले ते गिऱ्हाइकाचे नाव पाकिटावर लिहिण्यापुरतेच. वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

आमच्या चर्चच्या मंडळीचा दर वर्षी नाताळ अंक निघतो. त्याचे काम माझी मुलगी प्रीती बघते. ती म्हणाली, "आई, तू सव्वीस वर्षं फोटो स्टुडिओत काढलीस. तिथल्या गमती लिही, लोक आवडीने वाचतील." म्हणून ही वही आणली. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच फोटो पुढे येतो, आणि तो गमतीचा नाही. अंकात द्यायचे की वहीतच ठेवायचे ते ठरवलेले नाही. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडतो. वहीपुढे तसे होत नाही.

स्टुडिओ जुन्या पनवेलात, बाजाराच्या गल्लीत होता. मालकांना सगळे भाऊ म्हणत. कॅमेरा त्यांचा, आतली खोली माझी. माझे काम माणसाला तयार करण्याचे. लोकांना वाटते फोटो कॅमेऱ्यात होतो. अर्धा फोटो आतल्या खोलीत होतो.

आमच्याकडे पासपोर्टच्या फोटोसाठी एकच काळा कोट होता. पाठीमागून उभा कापलेला आणि इलास्टिक लावलेला. त्यामुळे तो बारक्यालाही बसे आणि जाड्यालाही. टाय कोटालाच शिवलेला होता. कोटाखाली लुंगी असली तरी फोटोत साहेबच दिसे. लग्नाच्या स्थळासाठी मुली फोटोला येत, त्यांचे ब्लाउज सैल असले तर पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. कपाळाचे तेल टिपायचे, नाहीतर उजेड तिथेच चमकतो. पावडर तोंडाला लावली तर गळ्यालाही लावायची, नाहीतर डोके दुसऱ्याचे वाटते. भाऊ म्हणत, "सुशीला, फोटोला पाठ नसते. पुढचं सांभाळ."

पुढचे मी चांगले सांभाळले. एरवी मी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. पण त्या खोलीत मोठमोठ्या साहेबांचीही हनुवटी धरून मान वळवली आहे आणि कोणी 'का' म्हणून विचारले नाही.

एक गंमत सांगते, म्हणजे प्रीतीचा शब्द राहील. उरण रस्त्यावरच्या एका गावातला माणूस आला. जमिनीचे पैसे आले होते, बंगला बांधला होता, आणि हॉलमध्ये वारलेल्या वडिलांचा मोठा फोटो लावायचा होता. वडील मिठागरात काम केलेले. त्यांचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, उघड्या अंगाचा, खांद्यावर टॉवेल. मुलगा म्हणाला, "बाबाला कोट घाला. टाय पन पायजे." भाऊंनी आमच्या कोटाचा वेगळा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्या माणसाच्या मानेखाली जोडला. फार छान जमला. फ्रेम न्यायला मुलगा आईला घेऊन आला. म्हातारी फोटोकडे बघत राहिली.

"यो कोन?"

"आये, बाबा हाय."

"तुजा बापूस? त्यानी जल्मान कोट नाय घातला. यो कोन सायेब आनलास घरान? आता मी याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊ काय?"

आम्ही सगळे हसलो, मुलगाही हसला. फ्रेम त्याने नेलीच. म्हातारीने मात्र तो जुना, कोपरा दुमडलेला फोटो आमच्याकडून मागून घेतला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. तेव्हा मला ती गंमतच वाटली होती.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि आमचे काम आटले. भाऊ मिळेल ते काम घेऊ लागले. त्यात एका ख्रिस्ती सेवा मंडळाचे काम आले. मंडळ विधवा बायकांना शिलाई मशीन देई. जात-धर्म बघत नसे. त्यांचे वर्षाचे पत्रक छापायचे असे, त्यासाठी फोटो. आपल्या लोकांचे काम म्हणून मला आनंद झाला. मंडळाच्या सेक्रेटरींना सगळे ब्रदर म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहिलेच पाहिजे. मशीन खरेच वाटली जात. मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पत्रकात प्रत्येक बाईचे दोन फोटो लागत. एक मदतीच्या आधीचा, एक नंतरचा. अडचण आधीच्या फोटोची होती. गरीब बाईला फोटोला बोलावले की ती असेल नसेल ती सगळ्यात चांगली साडी नेसून, केस विंचरून, पावडर लावून येते. ब्रदर डोक्याला हात लावत. "ताई, ह्या तर लग्नाला निघाल्यासारख्या दिसतात. देणाऱ्याला काय दाखवू?"

मग माझे काम उलटे झाले. एक जुनी साडी मी चहाच्या पाण्यात भिजवून वाळवली आणि पदराला दोन ठिकाणी फाडली. राखेचे बोट गालाच्या हाडाखाली ओढले की गाल आत गेल्यासारखा दिसतो. केस पाण्याने ओले करून हाताने विस्कटायचे. इतकी वर्षे डाग लपवले होते, आता डाग लावायला शिकले. आणि खोटे कशाला सांगू, चांगले शिकले. ब्रदर म्हणत, "ताईंच्या हातात देणगी आहे." मला बरे वाटे.

एकदा गव्हाणची नर्मदाबाई आली. नवरा वारलेला, दोन मुलगे शाळेत. पनवेलच्या बाजारात सुकी मच्छी विकायची. जांभळे लुगडे स्वच्छ धुतलेले, पाटी बाहेर दाराशी ठेवलेली. मी तिच्यापुढे ती साडी धरली.

"यो काय?"

"फोटोपुरतं नेसायचं, मावशी. पाच मिनिटांनी बदला."

"फाटका? मी मच्छी इकते, भीक नाय मागत. घरवाला गेला त्या दिवशी पन फाटका नाय नेसले."

ब्रदर बाहेरून म्हणाले, "मावशी, मशीन मिळणार आहे तुम्हाला. एवढं करा ना."

"मशीन द्याची त द्या, नायतं रावद्या. तुमचा देव काय फाटका बघून देतय?"

पत्रक त्याच दिवशी छापायला जायचे होते. ब्रदरनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ताई, तुम्हीच बसा. पदर पुढे ओढा, तोंड दिसणार नाही. गरज तर खरी आहे ना? कोणाची तरी आहेच."

नाही म्हणायला धीर लागतो. तो माझ्याकडे कधीच नव्हता. मी साडी नेसले. राखेचे बोट स्वतःच्या गालावर आरशात बघून ओढले. मग गळ्यातले मंगळसूत्र काढले. आमच्यात काळे मणी असतात आणि मध्ये वाट्यांऐवजी लहान क्रूस असतो. नर्मदाबाई दाराशी चुंबळ डोक्यावर ठेवत होती. ती थांबली.

"तुजा घरवाला हाय ना ग जिता?"

"आहे."

"मंग ता कशाला काढतंस?"

"फोटोपुरतं," मी म्हणाले.

ती पाटी उचलून गेली. त्या वर्षी तिला मशीन मिळाले नाही. पुढच्या वर्षीही नाही.

फोटो मात्र असा निघाला की भाऊ तो पुन्हा पुन्हा बघत राहिले. अर्धा झाकलेला चेहरा, कपाळाला लावलेला हात, एक डोळा खाली. मग म्हणाले, "सुशीला, मी इतके फोटो काढले, असा नाही काढला." पत्रकाच्या पहिल्या पानावर तो आला. खाली लिहिले होते: मरियम, विधवा, दोन लहान मुले, धाकट्याला दमा.

माझे यजमान रसायनीला कंपनीत होते. तेच वर्ष कंपनी बंद पडण्याचे. पत्रक कोणीतरी आमच्या घरी दिले. माझ्या मनगटावर तेलाने भाजल्याची खूण आहे. तिच्यावरून त्यांनी ओळखले. जेवताना ताट पुढे केले आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाला अजून एक भाकरी मिळेल का?"

मी हसले. तेही हसले. तेव्हा मी हसायला नको होते.

त्यानंतर महिन्याभराने मंडळाची वार्षिक सभा करंजाडेला एका हॉलमध्ये होती. ब्रदर म्हणाले, "ताई, साक्षीला उभ्या राहा. बोलायचं मीच." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. माणूस सगळ्यांपुढे उभा राहतो आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. लिहून आणत नाहीत. लहान मूलही परीक्षेत पास झाले तर उठून सांगते. ऐकणारे तपासत नाहीत, कारण देवापुढे उभे राहून कोणी खोटे बोलेल असे कोणाच्या मनात येत नाही.

मी चहाच्या पाण्याची तीच साडी नेसून उभी राहिले. ब्रदरनी मरियमची सगळी हकिकत सांगितली, मग माईक माझ्या तोंडाशी धरला. "खरं ना, ताई?" मी म्हणाले, "हो." एवढा एकच शब्द. पण तो माझ्या तोंडाचा होता. माणसे रडत होती.

सभेनंतर मी हात धुवायला गेले तर मागून एक म्हाताऱ्या बाई आल्या. पांढरी साडी, आखूड केस. त्यांनी विचारले काहीच नाही. नळाखाली हात धरला, साबण लावला आणि दोन्ही हातांतली एकेक सोन्याची बांगडी चोळून चोळून उतरवली. घट्ट बसल्या होत्या. बोटाच्या सांध्यावर कातडे लाल झाले. बांगड्या पदराला पुसल्या, माझ्या मुठीत ठेवल्या आणि मूठ मिटली.

"मुलांना बघ. आणि ब्रदरला सांगू नकोस, तो माझं नाव यादीत छापेल."

त्या गायकवाड सिस्टर. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, लग्न केले नाही, नुकत्या करंजाडेला राहायला आल्या होत्या. हे मला नंतर कळले.

त्याच वेळी मी मूठ उघडून सांगू शकले असते. तिथे तिसरे कोणी नव्हते. माईक नव्हता. माझा घसा कोरडा पडला होता हे खरे आहे, पण ते कारण होत नाही. प्रीतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला आठ दिवस उरले होते. यजमान घरी बसले होते. माझ्या मनात तेवढेच आले. दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेले. बावन्न हजार चारशे आले. घरी सांगितले, भाऊंनी उचल दिली.

त्यानंतर वर्षभर मी त्या गोष्टीकडे बघितले नाही. एकदा बाजारात बोंबील घ्यायला थांबले, तर समोर नर्मदाबाई.

"तू फोटोवाली ना? मिलाली काय मशीन तुला?"

"नाही."

"मंग फुकटच मेला तुजा घरवाला." आणि तिने दोन बोंबील वर टाकले.

मग गायकवाड सिस्टर आमच्याच मंडळीत यायला लागल्या. करंजाडेहून त्यांना आमचे चर्च जवळ पडे. पहिल्या रविवारी त्यांना दारात पाहिले आणि मी तोंड फिरवले. आमच्याकडे पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या बाजूला. मला ते फार सोयीचे झाले. मी खांबामागची जागा धरली आणि मंगळसूत्र पदराखाली ढकलले. उपासना संपली की यजमानांना सांगे, तुम्ही पुढे व्हा, मला जरा काम आहे. तरी सिस्टरांनी मला शोधलेच. कोणाला काही न दाखवता पिशवीतून पुडी काढून माझ्या हातात देत. दोन पेन्सिली. दोन वह्या. थंडीत दोन लहान स्वेटर, हाताने विणलेले. सगळे दोन दोन.

"धाकट्याचा श्वास कसा आहे ग?"

"बरा आहे."

पेन्सिली-वह्या मी बालवाडीत देऊन टाकत असे. स्वेटर देववले नाहीत. ते ट्रंकेत तळाशी ठेवले. प्रीती तेव्हा वीस वर्षांची होती.

कापणीचा सण आला. त्या दिवशी लोक शेतातले, परसातले पहिले पीक चर्चला आणतात. भाजी, तांदूळ, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. मोठी मजा असते, दहा रुपयांचे लिंबू शंभराला जाते. त्या वर्षी एक मोठा लाल भोपळा होता. सिस्टरांनी चढी बोली लावून घेतला. त्यांना उचलवेना. त्यांनी इकडे तिकडे पाहिले आणि अंगणाच्या पलीकडून हाक मारली, "मरियम."

माझ्या शेजारी माझे यजमान उभे होते.

सिस्टर आल्या. "हा तुझ्या घरी ने. मुलांना घाऱ्या कर." मग यजमानांकडे पाहून विचारले, "हे कोण?"

बावीस वर्षांचा संसार. कंपनीची तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी पाणी भरून मग झोपायचा, म्हणजे मला स्टुडिओला उशीर होऊ नये. तो माझ्या शेजारी स्वच्छ शर्ट घालून उभा होता.

मी म्हणाले, "माझे दीर."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले नाही. हात जोडले, म्हणाले, "नमस्कार, सिस्टर." आणि वाकून भोपळा उचलला.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. ते पुढे, मी मागे. दारात आल्यावर ते थांबले आणि विचारले, "वहिनी, भोपळा कुठे ठेवू?"

त्या दिवशी कोणी हसले नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळे सांगितले. सभा, बांगड्या, सोनार, स्वेटर. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी एवढेच विचारले, "प्रीतीची फी?"

"तीच."

मग ते म्हणाले, "मेलो त्याचं काही वाटलं नव्हतं. कागदावर मेलो होतो. आज तू मला तोंडाने मारलंस." आणि मग, "उद्या जा त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी करंजाडेला गेले. सिस्टरांची एक खोली आणि स्वयंपाकघर. खाट, खुर्ची, भिंतीवर क्रूस. त्यांनी दार उघडले. "ये, मरियम."

मी दारातच म्हणाले, "सिस्टर, मी मरियम नाही. माझं नाव सुशीला. मी विधवा नाही. काल भोपळा नेला ते माझे यजमान."

त्या तशाच उभ्या राहिल्या. "आणि मुलं?"

"एक मुलगी आहे. मोठी आहे. नर्सिंगला आहे."

"दोन लहान?"

"नाहीत."

"धाकटा, दम्याचा?"

"तो नाहीच, सिस्टर. कधीच नव्हता."

त्या खाटेवर बसल्या. मला वाटले होते रागावतील. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी त्या दोघांसाठी प्रार्थना करते. थंडी पडली की धाकट्यासाठी वेगळी करते. गेल्या वर्षी मीच आजारी होते, तेव्हाही चुकवली नाही." मग हात उलटे करून मांडीवर ठेवले, जणू त्यात काही होते ते सांडले. "देवाला माहीत होतं की तो नाही. मलाच माहीत नव्हतं. मी दोन वर्षं देवापुढे वेड्यासारखी बोलत होते."

मी पायाशी बसायला गेले, त्यांनी हाताने अडवले.

"बांगड्यांचे किती आले?"

"बावन्न हजार चारशे. सोनाराची पावती आहे. पण आता सोनं वाढलंय, सिस्टर. आजच्या भावानं..."

"मला भाव नको. तुला मिळाले तेवढे परत दे. सगळे."

"मंडळाला देऊ?"

"माझ्या हातात दे. ज्या हातानं घेतलेस त्या हातानं."

त्या बांगड्या त्यांच्याकडे कुठून आल्या होत्या ते त्यांनी सांगितले नाही. मी कधी विचारले नाही.

तिथून मी ब्रदरकडे गेले. म्हणाले, माझा फोटो काढून टाका. ते म्हणाले, "ताई, त्या एका फोटोवर अकरा मशीन आली. अकरा घरं उभी राहिली. ती खोटी आहेत का?" अकरा घरे खरीच आहेत. पण सिस्टर रोज सकाळी कोणापुढे बोलत होत्या, हे त्या अकरांत कुठे धरायचे ते मला कळत नाही. पुढच्या पत्रकातून त्यांनी फोटो काढला. पण तोवर तो मोबाईलमध्ये गेला होता. मागे एकदा प्रीतीच्या दवाखान्यातल्या मैत्रिणीने तिला तो पाठवला. त्यात मी पूर आलेल्या कुठल्या तरी गावची बाई होते आणि खाली मदतीसाठी दुसऱ्याच कोणाचा नंबर होता. प्रीतीने मनगटाची खूण ओळखली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. तेव्हा तिला सगळे सांगावे लागले. ती रडली, मग म्हणाली, "माझ्या पगारातून एका दिवसात देऊन टाकू." मी नको म्हटले. तिचा पगार त्याच पैशांतून उभा राहिलेला. तो पुन्हा त्यात कसा घालायचा.

स्टुडिओ बंद झाला होता. भाऊंनी गाळा विकला. मी लग्नांत साड्या नेसवायला जाऊ लागले. इकडच्या हळदी मोठ्या असतात, एका घरच्या दहा-बारा बायका असतात. ज्या घरात जाईन तिथे निऱ्या घालून देते, पिना लावते, खरी माणसे खऱ्या कार्यासाठी नटतात ते बघते. त्या पैशांतून दर महिन्याच्या पाच तारखेला करंजाडेला जाऊ लागले. कधी दोन हजार, कधी पाचशे, लग्ने नसतील तेव्हा दोनशे. सिस्टर दार उघडत, नोटा मोजत, "बरं" म्हणत आणि दार लावत. चर्चमध्ये भेटल्या तर मान हलवत. स्वेटर मी परत नेले तेव्हा तेही घेतले.

एक गोष्ट मी करू शकले नाही, ती इथे लिहिते. जिथे खोटी साक्ष दिली तशाच जागी उभे राहून खरी द्यायला हवी होती. रविवारी साक्षीची वेळ होते तेव्हा उपासना चालवणारे पाळकसाहेब विचारतात, "कोणाला काही सांगायचंय?" मी तीनदा उठले. दोनदा पदर सावरून बसले. तिसऱ्या वेळी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या मुलीला नोकरी लागली, प्रभूचे आभार. सगळे 'आमेन' म्हणाले. सिस्टर पहिल्या बाकावर होत्या. त्या 'आमेन' म्हणाल्या नाहीत, मागे वळूनही पाहिले नाही.

यजमानांनी तो विषय नंतर काढला नाही. मात्र तेव्हापासून चर्चमधून आम्ही बरोबर निघतो. ते बायकांच्या बाजूच्या दारापाशी येऊन उभे राहतात आणि मी बाहेर येईपर्यंत तिथून हलत नाहीत. माझ्या मनात येते की हे मला दाखवण्यासाठी नाही, लोकांना दाखवण्यासाठी आहे. मग मनात येते, असू दे. एवढे दाखवायचा त्यांना हक्क आहे.

पैसे फिटायला पाच वर्षांहून थोडा कमी वेळ लागला. गेल्या पाच तारखेला नऊशे उरले होते. मी ते पाकिटात घालून नेले. सिस्टर आता काठी घेऊन चालतात, दार उघडायला वेळ लागला. त्यांनी पाकीट उघडले, डोळ्यांजवळ धरून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. मग कॅलेंडरच्या मागे ठेवलेला एक कागद काढला. त्यावर दर महिन्याची रक्कम त्यांनी लिहून ठेवली होती. मला ते माहीत नव्हते. त्यांनी शेवटची रक्कम लिहिली आणि कागद माझ्यापुढे धरला. मी बेरीज केली. मला वेळ लागतो, त्या थांबल्या. बावन्न हजार चारशे.

"बरोबर?" त्यांनी विचारले.

"बरोबर."

मी निघाले नाही. इतक्या महिन्यांत जे विचारले नव्हते ते विचारले. "सिस्टर, मला माफ केलंत?"

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पाकीट स्वतःकडे ठेवले.

"पैसे पूर्ण फिटले, सुशीला," त्या म्हणाल्या.